शतावरीचे लाल दोरे

पितृपक्ष सरत आला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी तरवडाची फुलं उतरतात. खेड्यातल्या बायका पहिल्या बसनं येतात, डोक्यावरची पोती खाली टाकतात आणि पोत्याचं तोंड सोडतात. आतून पिवळं ऊन सांडावं तशी फुलं बाहेर येतात. शेजारी कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे. इथल्या तेलुगू बायका या फुलांचे थर रचून बतकम्मा करतात, तिच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात आणि शेवटी तिला पाण्यात सोडतात. आमच्या देगलूरकडे तरवड बांधावर माजलेला असायचा. त्याला कुणी देव केलं नाही. माझी आई त्याची फुलं वाळवून गाडग्यात ठेवायची. कुणाच्या अंगावरून जास्त जायला लागलं की ती बाई मागच्या दारानं यायची, आई मूठभर फुलं पदरात घालायची. दोघी बोलायच्या नाहीत. बोलण्यासारखं असूनही.

परवा ती पोती पुन्हा उतरली. मी दूध घेऊन येत होते. तो तुरट, जरासा ओला वास नाकात गेला आणि गेल्या वर्षीचे नागपंचमीपासून दसऱ्यापर्यंतचे सगळे दिवस समोर येऊन उभे राहिले. म्हणून ही वही काढली. माझ्या मुलीच्या, अर्चनाच्या शाळेची वही आहे. पुढं तिचा भूगोल आहे, मागची पानं कोरी राहिली होती. मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर मात्र मास्तर म्हणायचे तसं गोल आहे, अजून.

जामबागेत एका जुन्या मराठी वकिलांच्या घरी मी स्वयंपाक करते. वकील आता नाहीत. त्यांचा मुलगा सरकारी नोकरीतून निवृत्त झाला, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी. वहिनी कॉलेजात शिकवायच्या. मला चहा स्वतःच्याच कपांतल्या कपात देतात, सणाला साडी घेताना रंग मला विचारतात. फक्त एक नियम आहे. चार दिवस मी स्वयंपाकघरात यायचं नाही. "मला कळतं गं मंगल, मी काय शिकलेली नाही का," वहिनी म्हणतात, "पण देवघर लागूनच आहे ना." इतकं बोलून त्या स्वतः पोळ्या लाटायला घेतात. त्यांच्या पोळ्यांचे नकाशे होतात, आणि माझी चार दिवस सुट्टी.

त्यांची मुलगी केतकी. तिशीची, बाहेरगावी चित्रकला शिकून आलेली. चित्रं काढताना मात्र मी तिला कधी पाहिलं नाही. कधी ती दिवसभर कोठीच्या बाजारात फुटपाथवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजते, कधी स्वतःचे केस विणून दोरी करते. आषाढ संपता संपता ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, तुमचे चार दिवस असतात ना, तेव्हा तुम्ही वर गच्चीवर येणार. प्लीज. मी एक परफॉर्मन्स करतेय."

"म्हणजे नाटक?"

"नाटक नाही हो. नाटकात खोटं करतात. यात कुणी काही खोटं करायचं नाही. खरं तेच करायचं, फक्त लोकांसमोर."

गच्चीवर एकवीस कुंड्या मांडल्या होत्या. गणपतीला एकवीस पत्री लागतात म्हणून एकवीस. सगळी झाडं बायकांच्या शरीराची. दूध यावं म्हणून, दूध आटावं म्हणून, पाळी यावी म्हणून, पाळी थांबावी म्हणून, दिवस राहावेत म्हणून आणि राहू नयेत म्हणूनही. अशोक, लोध्र, जास्वंद, कोरफड, शेपू, कापूस, पपई, निर्गुंडी, तरवड. केतकीचा नियम असा की या कुंड्यांना हात लावायचा तो फक्त पाळी आलेल्या बाईनं. ज्या दिवशी जी असेल तिनं सगळ्यांना पाणी घालायचं, पानं चोळायची, माती उकरायची, आणि त्या दिवसाचा एक लाल दोरा आपल्या नावाच्या कुंडीला बांधायचा. विटाळशीच्या हातानं झाड जळतं म्हणतात ना, तर बघू या. जळली तर जळली. जगली तर दसऱ्याआधी जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये मांडायची, दोऱ्यांसकट. खेळाचं नाव 'शिवाशिव'. केतकीच्या सात-आठ मैत्रिणी होत्या, आमची गल्ली झाडणारी यादम्मा होती, आणि मी.

मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

कारण इथं लिहिते. मला पाळी येत नाही. सव्विसाव्या वर्षापासून आलेली नाही.

अर्चना तेव्हा आठ वर्षांची होती. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. हे मला कोठीच्या एका गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेले. हे म्हणजे अर्चनाचे वडील. दवाखान्याच्या भिंतीला हिरवा रंग होता, खाली फिनाइलचा वास आणि वर पंख्याचा कुरकुर आवाज. मी बाहेर बाकावर बसले होते. दार अर्धं उघडं होतं. आतून डॉक्टर म्हणाला, "आज ना उद्या गाठ होणार. पिशवी काढून टाका, कटकट जाईल." यांनी विचारलं, "जिवाला धोका?" तो म्हणाला, "ठेवली तर आहे." मग कागद सरकवल्याचा आवाज आला. यांनी सही केली. ते भित्रे होते, मी मरेन म्हणून घाबरले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांच्यावर माझा राग नाही. पण मला सही येत होती. चौथीत पहिली सही शिकले होते, पूर्ण नाव, शेवटी खाली एक रेघ. तो पेन दारातून बाहेर आला नाही.

ऑपरेशन होऊन घरी परत जाताना रिक्षात यांनी एकच वाक्य म्हटलं. "आईला अपेंडिक्स सांगायचं."

सासूबाईंना नातू हवा होता. पिशवीच नाही हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी यांना दुसरी करून आणली असती. वाईट म्हणून नव्हे. त्यांच्या डोळ्यांपुढं वंश म्हणजे तेवढंच होतं. तर अपेंडिक्स. आणि अपेंडिक्स म्हटल्यावर दर महिन्याला कोपऱ्यात बसणं आलं. मी पंचांगावर बोट ठेवून दिवस मोजायचे आणि सकाळी उठून म्हणायचे, "आत्या, मी बाजूला बसले." सासूबाई हातातलं काम थांबवायच्या. तोंडातून फक्त एक लांब श्वास. मग मला चटई, वेगळा तांब्या, वेगळी ताटली. त्यांच्या त्या श्वासाची मला भीती वाटायची. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ओरडण्याऐवजी त्या शतावरी आणायला गेल्या.

कोठीत जडीबुटीचं दुकान होतं. एकदा मला घेऊन गेल्या होत्या. दारातूनच वेखंडाचा उग्र वास, आत ज्येष्ठमधाचा गोड, लोध्राच्या सालीचा मातकट. दुकानदार चाचा पांढऱ्या मुळ्यांची मोळी काढून म्हणाला, "लेव अम्मा, दूध में उबाल के पिलाव. ऊपरवाले की मर्जी." सासूबाईंनी मुळ्या निवडून घेतल्या, एकेक वास घेऊन. सोलून, कुटून, दुधात खडीसाखर घालून मंद आचेवर उकळायच्या. पातेल्यापाशी बसून राहायच्या, ऊतू जाऊ नये म्हणून. मग पदरात पातेलं धरून माझ्याकडं यायच्या. "घे गं पोरी. गरमच घे."

मी प्यायचे. आधी गोड, मग जिभेच्या मागं थोडं कडू. अकरा वर्षं प्यायले. पिशवी नसलेल्या पोटात शतावरीचं दूध. त्या शेवटच्या आजारात अंथरुणावर होत्या, तेव्हाही त्यांनी मला विचारलं, "संपली का गं शतावरी? चाचाला सांग, मी पाठवलंय म्हण." त्या गेल्या त्याला दहा वर्षं झाली. एरवी त्यांनी माझ्यासाठी इतक्या मायेनं काही केलं नव्हतं आणि एरवी मी त्यांना इतकं कधी फसवलं नव्हतं, दोन्ही त्याच एका पेल्यात.

पण कोपऱ्याविषयी खोटं लिहिणार नाही. तो कोपरा मला आवडायचा. खिडकीखाली चटई, बाहेर मागची गल्ली, भिंतीवर चढलेली गोकर्णाची वेल. चार दिवस मला कुणी हाक मारायचं नाही. वाण्याकडून येणाऱ्या पुड्यांचे कागद मी जपून ठेवायचे आणि त्या दिवसांत वाचायचे. अर्धी बातमी, तिसऱ्या पानावरची गोष्ट सुरुवातीशिवाय, कुणाच्या तरी मुलाच्या पेपरातलं गणित. माझं वाचणं टिकलं ते त्या कागदांवर. नाहीतर चौथीची अक्षरं कधीच पुसली असती.

सासूबाई म्हणायच्या, वेलीवर सावलीसुद्धा पाडू नकोस, जळेल. एकदा त्या देवळात गेल्यावर मी हात बाहेर काढून गोकर्णाचं एक पान धरलं. नुसतं धरलं. मला माहीत होतं की मी विटाळशी नाही, त्यामुळं काही होणार नाही. दुसऱ्या दिवशी वेलीला तीन निळी फुलं आली. मी कितीतरी वर्षं हेच मानत होते की वेल वाचली ती मी शुद्ध होते म्हणून.

तसं नव्हतं हे कळायला मला यादम्माची जास्वंद बघावी लागली.

गेल्या वर्षी श्रावणात पाऊस असा पडत होता की गच्चीचे पन्हळ दिवसभर वाजायचे. केतकीनं मला शतावरीची कुंडी दिली. तिला काय माहीत! "मावशी, ही नाजूक आहे, तुमच्यासारखी," म्हणाली. बडीशेपेसारखी बारीक पानं, आणि खोडाला मात्र वाकडे काटे. मी आपलं पंचांग बघून पहिला दिवस ठरवला, वर गेले, पाणी घातलं, लाल दोरा बांधला. दोनदा सुटला, पुन्हा बांधला. खोटी गाठ बसायला वेळ लागतो.

यादम्माचं तसं काही नव्हतं. ती पाळीच्या पहिल्या दिवशी जिन्यावरून गर्जना करत यायची. "अरे आ गए मेरे महाराज! हटो सब, बतकम्मा से पहले मेरे झाड कू सोना बनाती मैं." जास्वंदीच्या मातीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालायची, पानांशी बोलायची, सुकलेलं फूल खुडून स्वतःच्या केसात. भाद्रपदात त्या जास्वंदीला एका दिवशी अकरा फुलं होती. मी बघत राहिले. यादम्मा खरोखर बाजूला बसलेली होती आणि झाड असं फुललं होतं. मग गोकर्णाची वेल माझ्या शुद्धपणामुळं वाचली नव्हतीच. ती वाचणारच होती. माझा विटाळ खोटा होता, आणि विटाळही खोटा होता. मी वीस वर्षं एका खोट्याची राखण दुसऱ्या खोट्यानं करत होते.

"क्या अम्मा, ऐसा क्या देख रहे?" यादम्मा म्हणाली. "नजर नक्को लगाव मेरे झाड कू."

"नाही गं. हौ, चांगली फुललीय," मी म्हटलं.

झाडांजवळ लावायच्या पाट्या मी लिहिल्या. केतकीला मराठी बोलता येतं, लिहायला-वाचायला बसली की तिला घाम फुटतो. शाळेत ती इंग्रजी आणि तेलुगू शिकली. मोबाइलवर मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहिते. तिनं जाड पुठ्ठे कापले, इंग्रजी आणि तेलुगू ओळी तिच्या मैत्रिणींनी लिहिल्या, खाली मराठी माझी. प्रत्येक झाडाचं नाव आणि ते कशासाठी. अक्षर गोल, काळ्या शाईत. पुठ्ठे वाळत ठेवले तेव्हा वहिनी चष्मा लावून बघत होत्या. "मंगल, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे गं. बोलली नाहीस कधी." मी काय बोलणार!

गणपतीत अर्चना आली. ती सिकंदराबादला असते, जावई रेल्वेत आहेत, दोन मुलं. वय एकोणतीस. मोदकांसाठी दोघी नारळ खोवत बसलो होतो, तेव्हा म्हणाली, "आई, दसऱ्यानंतर ऑपरेशन ठरलंय. पिशवी काढायची. अंगावरून फार जातं गं, डॉक्टर म्हणाले ठेवून काय करायची आहे, दोन मुलं झालीत. आमचेही म्हणतात, एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

माझ्या हातातली खोवणी थांबली.

"काढू ना?" तिनं विचारलं. माझ्याकडं बघून विचारलं.

मी म्हणाले, "तुझं तू बघ."

"बघायचं काय? तुझंच बघते की. आयुष्यभर दर महिन्याला चार दिवस कोपऱ्यात. या वयातही चालूच. मला नको बाई ती कटकट. सुटेन."

तिनं तोच दवाखान्यातला शब्द म्हटला, कटकट. आणि मी तिच्यासमोर तिचाच पुरावा होऊन बसले होते. तिला माहीत असलेली आई दर महिन्याला बाजूला बसणारी आई होती. सव्विसाव्या वर्षी भर थंडीत पदरानं वारा घेत बसणारी, अंगातून अचानक वाफा येणारी, तिशीतच जिना चढताना गुडघे धरणारी आई तिला दिसली होती. पण तिला वाटायचं तो वात आहे. मलाही आधी तसंच वाटायचं. पुढं एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं की पिशवीबरोबर दोन्ही बाजूंची अंडाशयंही काढलेली आहेत. "इतक्या लहान वयात कुणी काढलं हो?" त्यांनी विचारलं. मी मान खाली घातली, जणू मीच काढलं.

गणपतीनंतर मी तीन वेळा अर्चनाकडं सांगायला म्हणून गेले. एकदा तिची सासू समोर होती. एकदा मुलांची परीक्षा होती. एकदा ती एकटी होती, दुपार होती, कुकरची शिट्टी होत होती, सांगण्यासारखं सगळं होतं, आणि मी तिला डाळीला फोडणी कशी घालायची ते सांगून परत आले. मुलीला सांगायचं म्हणजे तिच्या वडिलांनी सही केली होती, हे सांगायचं. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या आजीला आपण अकरा वर्षं फसवलं, हे सांगायचं. आणि तिलाही. तोंड उघडलं की हे सगळं एकदम दारात गर्दी करायचं आणि एकही बाहेर यायचं नाही.

शतावरीला तोवर बारा दोरे झाले होते. आणि फुलं आली होती, पांढरी, तांदळाच्या कणीएवढी. त्यांचा वास जवळ वाकल्याशिवाय येत नाही.

हॉलमध्ये मांडामांड झाली त्याच्या आदल्या दुपारी मी केतकीकडं एक कोरा पुठ्ठा मागितला. शतावरीच्या पाटीवर शाई सांडलीय म्हणाले. हेही खोटंच, पण शेवटचं. गच्चीवर पन्हळाजवळ बसून लिहिलं. इंग्रजी, तेलुगू ओळी मी जशाच्या तशा गिरवल्या, चित्र काढावं तशा. खाली मराठी लिहिलं:

"शतावरी. मूल राहावं म्हणून पाजतात. मी अकरा वर्षं प्यायले. त्याच्या आधीच माझी पिशवी काढली होती. सही मालकांनी केली. मला सही येत होती. या कुंडीचे दोरे खरे नाहीत. मंगल."

खाली रेघ ओढली, चौथीत शिकवली होती तशी.

केतकीनं पाटी घेतली, खालच्या ओळींवरून नजर फिरवली. "जास्त लिहिलंय मावशी, मस्त," म्हणाली आणि लावून टाकली. या शहरात मराठीत उघड्यावर काहीही लिहून ठेवता येतं. येणारे तेलुगू होते, उर्दू बोलणारे होते, इंग्रजी वाचणारी पोरं होती. पण अर्चना त्याच जामबागेतल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकली. तिला मी सांगितलं होतं, ये, माझं अक्षर भिंतीवर लागलंय, बघायला ये. वहिनीही येणार होत्या. त्याचा विचार मी केला होता. केला आणि तरीही लावलं.

त्या दिवशी केतकी हॉलच्या मध्यभागी चटईवर बसली, वेगळा तांब्या, वेगळी ताटली घेऊन, बाजूला बसावं तशी. भोवती एकवीस कुंड्या. आत येणाऱ्यानं तिच्या हातातून एक पान घ्यायचं, तिच्या बोटांना बोट लागलंच पाहिजे असं. ती काही बोलत नव्हती, नुसता हात पुढं. कुणी हसून पान घेतलं. एका गृहस्थांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि कुंड्यांचं फार कौतुक केलं. वहिनी दारात थबकल्या. देवघरातून थेट आलेल्या, कपाळावर कुंकू. मुलीचा हात तसाच पुढं होता. वहिनींनी इकडंतिकडं पाहिलं, मग पान घेतलं, आणि घेतल्यावर तिचा हात लगेच सोडला नाही.

मी भिंतीला टेकून उभी होते. अर्चना एकेक पाटी वाचत येत होती. ती अजून ओठ हलवून वाचते. जास्वंद, कापूस, तरवड. प्रत्येक पाटीशी माझ्याकडं बघून हसायची. मग शतावरीपाशी आली. ओठ हलायला लागले. मधेच थांबले. पुन्हा पहिल्या ओळीपासून हलायला लागले.

ती माझ्याकडं आली नाही. सरळ बाहेर गेली. मी मागून गेले. शाळेच्या अंगणात नळापाशी उभी होती, नळ सोडलेला, हात पाण्याखाली नुसते धरलेले.

"अपेंडिक्स होतं ना?"

"नव्हतं."

"मग दर महिन्याला कोपऱ्यात कशाला बसायचीस?"

"आधी तुझ्या आजीसाठी. मग तुला कळू नये म्हणून. मग... आराम मिळायचा म्हणून."

"आणि तुझे गुडघे? त्या वाफा?"

"त्याच्यामुळंच, म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

तिनं नळ बंद केला. "मी तुला विचारलं होतं, आई. नारळ खोवताना. काढू ना, म्हणून तुलाच विचारलं होतं. तू म्हणालीस, तुझं तू बघ!" तिचा आवाज चढला. अंगणातली दोन मुलं वळून बघायला लागली. "मी काय बघणार होते? जे दाखवलंस तेच बघितलं ना मी!"

मी तिचा ओला हात धरला. तिनं काढून घेतला नाही. मग म्हणाली, "बाबांनी सही केली?"

"घाबरले होते गं."

"आमच्याही कागदावर यांच्याच सहीची जागा आहे," ती म्हणाली.

अर्चना दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आली. त्यांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, म्हणाल्या, इतक्यात काढायची गरज दिसत नाही, बघू. अंगावरून जाणं कमी झालंय, थांबलेलं नाही. पुढं काढावी लागेलही. "लागली तर काढीन," ती मला फोनवर म्हणाली, "पण सगळं विचारून. आणि सही मी करणार." महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हती. मग एका रविवारी आली आणि शतावरीची कुंडी घेऊन गेली. दोरे तसेच ठेवलेत. "राहू देत," म्हणाली, "पोरीला दाखवीन मोठी झाल्यावर."

केतकीला पाटी काय आहे ते वहिनींनी वाचून दाखवलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हा मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलं होतं खोटं काही करायचं नाही. ती म्हणाली, "मावशी, पाटी तशीच ठेवू?" मी म्हणाले, ठेव. यादम्मानं सगळं ऐकून कमरेवर हात ठेवले. "बीस साल झूट बोले तुम? और मैं समझी तुमकू बोलनाच नै आता!"

वहिनी मात्र माझ्याशी त्यावर काही बोलल्या नाहीत. पाटी त्यांनी वाचली होती, चष्मा लावून, हे मी पाहिलं होतं. पंधरा-वीस दिवस गेले. पोळ्या लाटताना माझी पाठ त्यांच्याकडं असायची आणि पाठीला त्यांचं बघणं कळायचं. वीस नाही तरी इथली आठ वर्षं मी त्यांना दर महिन्याला नकाशे लाटायला लावले होते. शेवटी दिवाळीच्या तोंडावर त्यांनीच विषय काढला, डबा पुसत, माझ्याकडं न बघता.

"मंगल, या महिन्यात कधी बसणार आहेस?"

मी पोळी तव्यावरून उतरवली. गॅस बारीक केला.

"बसणार नाही वहिनी. मला येत नाही. पण महिन्याला चार दिवस सुट्टी हवी."

"कशासाठी?"

इतक्या वर्षांत माझ्याकडं प्रत्येक सुट्टीला कारण तयार असायचं. त्या दिवशी शोधलं तर एकही सापडलं नाही.

"अशीच," मी म्हणाले.

वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. आत बघितलं, जणू तिथं काही ठेवलेलं होतं. "बरं," म्हणाल्या, "पण आधी सांगत जा, मला कणीक मळायची सवय राहिली पाहिजे."

आज त्या चारांतला दुसरा दिवस आहे. खिडकीखाली चटई टाकलीय, तीच जागा. मागच्या गल्लीत बायका तरवड घेऊन चालल्यात, त्यांच्या टोपल्यांतून फुलं गळतायत. मघाशी खाली जाऊन मूठभर वेचून आणली आणि वाळत घातली. अर्चनाच्या भूगोलाच्या मागची आणखी बरीच पानं कोरी आहेत.